सभेची वेळ कुणाच्या सोयीची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा समान सहभाग आणि घर व काम यांचा समतोल’ असा विषय मला देण्यात आला आहे. नाव मोठं भारदस्त आहे. पण चौतीस वर्षं पंचायत समितीत नोकरी करून आणि गावोगावच्या सभांमध्ये सतरंजीवर बसून काढल्यावर माझ्या डोक्यात या विषयाचं एक अगदी साधं रूप पक्कं बसलंय. सभा किती वाजता भरते? एवढा एकच प्रश्न. त्याचं उत्तर मिळालं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

एका गावाची गोष्ट सांगते. सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू भागातलं गाव. ज्वारीचं शिवार आणि अलीकडे ज्यांना पाणी लागलं त्यांच्या डाळिंबाच्या बागा. १९९७च्या निवडणुकीनंतर तिथलं सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झालं होतं. घटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या, हे आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी १९९०मध्ये ३० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, आणि १९९४ साली स्वतःचं महिला धोरण जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कागदावर आपण कायम पुढे असतो. तर या गावात नऊ सदस्य, त्यांत तीन स्त्रिया, आणि त्यांतल्याच एक सरपंच. वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत. पदरी तीन मुलं, घरी सासू-सासरे, चार एकर जिरायत.

मी विस्तार अधिकारी म्हणून दप्तर तपासायला गेले होते. प्रोसिडिंग बुक उघडलं. आठ महिन्यांतल्या आठही मासिक सभांना तिन्ही बायकांच्या सह्या होत्या. शंभर टक्के हजेरी! इतकी हजेरी पुरुष सदस्यांचीही नव्हती. मला संशय आला, कारण दोन-तीन पानांवर सहीशेजारी पिठाचा पुसट ठसा उमटलेला होता. मी सरपंचबाईंना विचारलं, “ताई, सभा कुठं भरते?”

त्या मोकळेपणानं म्हणाल्या, “चावडीत भरती की, रात्री आठला. पर मी कशी जाणार बाई? त्या टायमाला भाकरी चालू असत्यात. सकाळी शिपाई येतो वही घेऊन, चुलीपुढंच सही करती.”

यात कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली होती असं नाही. दार अडवून कुणी उभं नव्हतं. नवरा चांगला होता, तोच रात्री सभेला जाऊन बसायचा आणि घरी आल्यावर काय झालं ते सांगायचाही. ज्याला पुढे ‘सरपंचपती’ म्हणायची पद्धत पडली, त्यातलाच हा प्रकार. २०२३ साली केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्याच्यासाठी समिती नेमावी लागली. पण या गृहस्थाला मी खलनायक म्हणणार नाही. सभा आठला भरायची कारण पुरुष शेतातून येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन आठला मोकळे होत. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावं होती, त्यांनाही ती वेळ बरी पडायची. ती वेळ कधी ठरली, कुणी ठरवली, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. वहिवाटच होती ती. आणि वहिवाटीवर कुणाची सही लागत नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं की सभेची तारीख आणि वेळ ठरवायचा अधिकार सरपंचाचा असतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बजेट, योजना, दाखले यांचं प्रशिक्षण झालं होतं, झेंडा कसा फडकवायचा तेही शिकवलं होतं. पण हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांपैकी एक मीच होते.

मग तिघी सदस्य बायकांना एकत्र बसवलं आणि विचारलं, तुम्हाला कोणती वेळ सोयीची? मला वाटलं होतं, त्या पटकन दुपार म्हणतील. पण तो हिशेब काही केल्या जुळेना. पहाटे पाचला उठायचं. सडा, झाडलोट, पाणी, शेण, चहा, स्वयंपाक, मुलांची शाळा. नऊ वाजता खुरपणीला किंवा बागेत मजुरीला जायचं. सहाला परत. येताना डोक्यावर जळण नाहीतर वैरण. मग परत चूल, धारा, जेवणं, भांडी. साडेनऊ-दहाला पाठ टेकायची. दुपारी सभा ठेवली तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि सदस्य बाईच्या घरी तो रोज बुडणं परवडत नाही. संध्याकाळी ठेवली तर चूल थंड. आम्ही चौघी पाऊण तास बसून चोवीस तासांतली एक दीड तासाची फट शोधत होतो, आणि ती सापडत नव्हती.

शेवटी त्यांतली सगळ्यांत वयस्कर, निरक्षर सदस्य म्हणाली, “बाजारादिवशी घ्या की.”

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे शेतमजुरीला सुट्टी असते. आठवड्याचा पगार आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी होतो आणि बायका दुपारी बाजाराला जातात. म्हणजे सकाळी दहा ते बारा ही आठवड्यातली एकमेव वेळ त्यांची. जे मला, पदवीधर अधिकाऱ्याला, सुचलं नव्हतं, ते त्या बाईला सुचलं, कारण तो दिवस ती जगत होती. सभा त्या दिवशी सकाळी दहाला ठरली. कुरकुर झाली. एका सदस्याला बाजारात शेळ्या न्यायच्या होत्या, भाऊसाहेबांना तालुक्याला मीटिंग असायची. एक जण तर म्हणाले, “आता बाजारहाट सोडून सभा करायची व्हय?” पण नोटीस निघाली. लहान मुलं अंगणवाडीत बसवली. पहिल्या सभेला तिघीही आल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या सभेलाही नाहीत.

तिसऱ्या सभेत पाण्याचा विषय निघाला.

गावात नळयोजना होती. टाकी रात्री विजेच्या वेळेप्रमाणे भरून ठेवलेली असायची. पण पाणी सोडणारा माणूस सकाळी दहाच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडायचा, कारण त्याची जनावरं, आंघोळ, चहा-पाणी आटोपून तो त्या वेळी निघायचा. दहाला मजुरीला जाणारी बाई घरात नसते. मग पाणी कोण भरणार? ज्यांच्या घरी सासू धडधाकट होती तिथं ती भरायची. बाकीच्या घरांत एक मुलगी शाळेला दांडी मारायची किंवा उशिरा जायची. शाळेत गुरुजी हजेरीपटावर त्या मुलींची गैरहजेरी मांडत होते, आम्ही पंचायत समितीत ‘मुलींच्या गळतीची कारणं’ या विषयावर तक्ते करत होतो, आणि पाणी मात्र दहाला सुटत होतं.

सरपंचबाई म्हणाल्या, पाणी सहाला सोडा. एवढंच. त्यावर चर्चा अशी झालीच नाही, कारण विरोध करायला मुद्दाच नव्हता. एक पैसा खर्च नव्हता, मंजुरी नको, अंदाजपत्रक नको. पाणी सोडणाऱ्याला महिन्याला थोडे पैसे वाढवून दिले आणि पुढच्या आठवड्यापासून पाणी सहाला सुरू झालं. मी पुरुष सदस्यांना नंतर विचारलं, इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ते लोक वाईट नव्हते, बनेलही नव्हते. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, “पाणी कितीला येतं हेच मला ठावं नव्हतं.” रात्री आठला चावडीत बसलेल्या सहा माणसांपैकी एकानंही कधी हंडा भरलेला नव्हता.

ही माझ्या एका गावाची गोष्ट झाली. पण एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. डुफ्लोबाईंना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. कोणतं गाव राखीव होणार हे पाळीपाळीनं ठरत असल्यानं राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना करता आली. जिथं सरपंचपद स्त्रीकडे होतं तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, दोन्ही राज्यांत. बंगालमध्ये रस्त्यांवरही जास्त झालं, कारण तिथं रस्त्याच्या कामावर बायका मजुरी करत आणि रस्त्यांची मागणीही त्याच करत. म्हणजे ‘बायकांचे प्रश्न’ असं काही एक ठरावीक गाठोडं नसतं. जिचा दिवस जसा, तसा तिचा प्रश्न.

बीरभूममध्येच पुढे आणखी एक अभ्यास झाला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. ज्या गावांनी सलग दोन मुदती स्त्रीप्रमुख पाहिली, तिथं मुलींच्या शिक्षणाबद्दलच्या आईबापांच्या अपेक्षा वाढल्या, शिक्षणातलं मुलगा-मुलगी अंतर मिटलं, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण श्रोतेहो, माझ्या गावातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही यशोगाथा होईल. यशोगाथांची माझ्याकडे फाईल भरलेली आहे, आणि तिच्यातल्या निम्म्या मीच लिहिलेल्या आहेत. सरपंचबाई सभेला येऊ लागल्या, तालुक्याला येऊ लागल्या, जिल्ह्याला प्रशिक्षणाला दोन-दोन दिवस राहू लागल्या. मग त्यांच्या वाटणीची भाकरी कुणी केली? नवऱ्यानं नाही. सासू थकलेली. थोरली मुलगी आठवीत होती, तिनं केली. गावातल्या मुली सहाच्या पाण्यामुळे शाळेत वेळेवर जाऊ लागल्या आणि सरपंचाची मुलगी मागे राहिली. एकदा बाईंनी मला बोलूनही दाखवलं, “माझं काम मी खुर्चीवरनं उतरवलं न्हाई बाई, पोरीच्या डोक्यावर ठेवलंय.” मी काय बोलणार? घरकामाचा बोजा एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकतो; सासूकडे, लेकीकडे, शहरात मोलकरणीकडे. पुरुषाकडे सरकायला त्याला वाटच माहीत नाही.

आणि आता जरा माझं स्वतःचं. हे सांगायचं की नाही, याचा मी बराच विचार केला.

ज्या वर्षी मी त्या ताईंना अधिकारांविषयी सांगत होते, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९८ साली, माझी पदोन्नती निघाली. सहायक गटविकास अधिकारी. शेजारच्या जिल्ह्यात बदली. घरी मुलगी नववीत, मुलगा सहावीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. यजमान हायस्कूलमध्ये शिक्षक. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी मला एका शब्दानं अडवलं नाही. ते म्हणाले, “तू ठरव. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे.”

मी दोन रात्री झोपले नाही. मग साध्या कागदावर अर्ज लिहिला, ‘कौटुंबिक कारणास्तव सदर पदोन्नती नाकारत आहे.’ सरकारी कचेऱ्यांत काम केलेल्यांना हे वाक्य पाठ असेल. माझ्या नोकरीच्या काळात असे कितीतरी अर्ज माझ्या नजरेखालून गेले, बहुतेक बायकांचे. मी तो अर्ज दिला तेव्हा मला वाटत होतं की हा माझा निर्णय आहे. सगळ्यांनी मला स्वातंत्र्य दिलं आणि मी विचारपूर्वक ठरवलं. फार वर्षांनी लक्षात आलं की त्या घरात ठरवण्यासारखं जे होतं ते माझ्यापुढे आलंच नव्हतं. सासूबाईंचं दुपारचं औषध यजमान शाळेतून मधल्या सुट्टीत येऊन देऊ शकतील का? शाळा दहा मिनिटांवर होती. सकाळचे डबे कोण करेल? मुलीचा अभ्यास तर ते माझ्यापेक्षा चांगला घेत. हे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत आणि, खरं सांगायचं तर, मीही विचारले नाहीत. ‘तू ठरव’ म्हणताना त्यांनी सगळा अधिकार मला दिला, आणि त्याच्यासोबत सगळं कामही. मी गावातल्या बायकांना सभेची वेळ बदला म्हणून सांगत होते, आणि माझ्या घरातली वेळ मला बदलता येते हे मला सुचलं नव्हतं. त्यांना मी हे अलीकडे बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तू विचारलं असतंस तर केलं असतं.” केलं असतं, यात मला शंका नाही. पण विचारायचं कामही माझंच होतं!

माझ्याबरोबरीच्या ज्या पुरुष सहकाऱ्यांनी पदोन्नती घेतली ते पुढे गटविकास अधिकारी झाले, जिल्हा परिषदेत मोठ्या टेबलांवर बसले. स्त्री-अधिकारी वरच्या जागांवर का दिसत नाहीत, यावर त्या टेबलांवर पुढे चर्चाही झाल्या असतील. त्याचं उत्तर आमच्या अर्जांच्या फायलीत लावलेलं होतं.

आता थोडे आकडे, कंटाळू नका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांत सहा वर्षांवरच्या स्त्रिया सुमारे ८१ टक्के निघाल्या, पुरुष सुमारे २६ टक्के. जे करतात त्यांचा वेळ पाहिला तर स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांची मिनिटं दहानं कमी होऊन २८९ झाली. पुरुषांचीही कमी झाली, ८८ मिनिटं! मिक्सर, गॅस, नळ यांमुळे काम थोडं कमी झालं असेल, पण वाटणी तशीच. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. ही मिनिटं कुठून येतात? त्यांतली काही झोपेतून येतात आणि काही सभेतून.

या कामाची किंमत कळायची एकच खात्रीची रीत आहे, ती म्हणजे ते बंद पडणं. आपल्याकडे हे सहसा बाई आजारी पडल्यावर कळतं. आइसलँड नावाच्या छोट्याशा देशात मात्र बायकांनी ते ठरवून करून दाखवलं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला तिथल्या साधारण ९० टक्के बायकांनी सुट्टी घेतली, नोकरीतूनही आणि घरातूनही. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. बँका, शाळा, मासळीचे कारखाने, टेलिफोन सगळं अडखळलं. बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले. दुकानांतले पटकन शिजणारे सॉसेज संपले, कारण पुरुषांना दुसरं काही करता येत नव्हतं. आणि मला सगळ्यांत आवडलेला तपशील रेडिओचा आहे. बातम्या वाचल्या जात असताना मागून मुलांचे आवाज ऐकू येत होते, कारण निवेदकांना मुलांना सोबत घेऊन यावं लागलं होतं. आज इथं स्टुडिओत बसल्यावर मला तेच आठवलं.

पुढच्या वर्षी तिथं समानतेचा कायदा झाला. १९८० साली विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांच्या थेट मतदानातून निवडून आलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. एकट्यानं मुलगी वाढवणाऱ्या. त्या दिवसाशिवाय आपण निवडून आलो नसतो, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण त्याहून शहाणपणाचं काम तिथं २०००च्या कायद्यानं केलं. मुलाच्या जन्मानंतर तीन महिन्यांची रजा आईला, तीन महिन्यांची बापाला, आणि तीन महिने दोघांनी हवे तसे वाटून घ्यायचे. बापाची रजा आईला देता येत नव्हती. घेतली नाही तर बुडायची. ‘तू ठरव’ म्हणायची सोयच ठेवली नाही. तिथले बहुतेक बाप ती रजा घेऊ लागले.

आपल्याकडे २०१७ साली प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. माझ्या वेळी तीन महिने होती, त्यामुळे मला आनंदच झाला. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असंही त्या कायद्यात आलं. पण ही सगळी रजा आईची, आणि पगाराचा भार मालकावर. मग मुलाखतीला आलेल्या नवविवाहित मुलीकडे मालक कसं बघतो, हे वेगळं सांगायला नको. बापासाठी केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस आहेत. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं काही नाही, कंपनीची मेहेरबानी. आणि खुरपणीला जाणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. रोजगार हमीच्या कामावर लहान मुलं सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद २००५च्या कायद्यात होती. मी पाहिलेल्या कामांवर मात्र बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असे आणि खाली सहा वर्षांची बहीण दोरी ओढत बसलेली.

शहरात काही वेगळं नाही. माझी मुलगी पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. नातू लहान होता तेव्हा त्याचं पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि तिच्या कचेरीतली महत्त्वाची बैठक साडेसहाला सुरू व्हायची. काय ठरलं ते तिला दुसऱ्या दिवशी ईमेलवर कळायचं. चुलीपुढे वही यायची, तिथं आता ईमेल येतो. जावई चांगला आहे, आठवड्यातून दोन दिवस तो मुलाला आणायचा. त्याचे वरिष्ठ त्याला म्हणत, “घरी बायको नाही का?” म्हणजे जो पुरुष हे करायला जातो त्यालाही ती वेळ सोयीची नसते, हे लक्षात घ्या.

संसद आणि विधानसभा यांच्याबद्दल फार बोलत नाही. लोकसभेत २०२४ साली ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, आपल्या विधानसभेत त्याच वर्षी २८८ पैकी २१. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडून ठेवली. उमेदवारी कुठे ठरते? रात्री अकरानंतर, कुणाच्या तरी फार्महाउसवर. तिथं सभेची नोटीसही निघत नाही.

त्या गावाकडे परत येते. २००२ साली सरपंचपद खुलं झालं. ताई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. कुणी राहू नका म्हटलं नाही आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. थोरलीचं लग्न ठरलं होतं. ती दहावीला दोनदा बसली, सुटली नाही.

निवृत्तीच्या आधी, २०१३च्या सुरुवातीला, माझा पुन्हा त्या गावी दप्तर तपासणीचा योग आला. मधल्या काळात महाराष्ट्रानं २०११ साली पंचायतीत स्त्रियांच्या जागा निम्म्या केल्या होत्या. नव्या पंचायतीत नऊपैकी पाच स्त्रिया होत्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचं बंधनही आलं होतं. सरपंच तरुण पुरुष, पदवीधर, कामाला वाघ. मी आधी माजी सरपंचबाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला. म्हणाल्या, “पानी अजून सहालाच येतंय बरं का बाई. त्याला कुणी हात लावला न्हाई. सभा मातुर परत रातच्याला गेली.”

“मग या पाच जणी?”

“मी सांगितलंय त्यास्नी, बाजारादिवशी घ्या म्हणून. त्या म्हणत्यात, आम्ही कुठं सरपंच हाय?”

कचेरीत जाऊन प्रोसिडिंग बुक पाहिलं. पाचही जणींच्या सह्या, प्रत्येक सभेला. मी तपासणीत शेरा मारला, ‘मासिक सभेची वेळ महिला सदस्यांच्या सोयीची आहे किंवा कसे, याची खात्री करून अनुपालन सादर करावे.’ दीड महिन्यानं अनुपालन आलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘सभेची वेळ सर्व सदस्यांना विचारूनच ठरविण्यात आली असून त्याबाबत कोणाचीही तक्रार नाही.’ खाली नऊ सह्या होत्या.